यंत्राआधी काम पाहणारे लक्ष्मणराव

मार्च सरत आला की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली येतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि पाण्याच्या गप्पा सुरू होतात. गेल्या काही वर्षांत या गप्पांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. शहराच्या कडेला बंगला किंवा फार्महाऊस बांधणाऱ्या काही कुटुंबांनी अंगणात छोटा जलतरण तलाव बांधून घेतला आहे, काहींचा विचार चालू आहे. टाइल कोणत्या रंगाच्या, पायऱ्या कोणत्या बाजूला, यावर घरात महिनाभर चर्चा होते. पंपाचा निर्णय मात्र दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत होतो. एक हॉर्सपॉवर पुरेल की दीड, असा प्रश्न निघतो आणि मोठाच घेतलेला बरा, असे ठरते. त्या दोन मिनिटांचा दंड पुढे कित्येक वर्षे विजेच्या बिलातून भरावा लागतो.

पंप कसा निवडावा हे सांगणारे तक्ते पुष्कळ मिळतील. आज आपण या प्रश्नाकडे एका चरित्राच्या वाटेने जाऊ. ज्यांचे आडनाव महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर लोखंडात ओतलेले दिसते, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर पंपाच्या धंद्यात पुष्कळ उशिरा आले. त्याआधी ते चित्रकलेचे विद्यार्थी होते, शिक्षक होते, सायकली विकत होते, नांगर बनवत होते. या सगळ्या उलाढालीतून त्यांच्या हाताला एक सवय लागली. आधी काम नीट पाहायचे, मग त्या कामाला साजेसे यंत्र उभे करायचे. अंगणातल्या तलावाचा पंप निवडतानाही नेमकी हीच सवय उपयोगी पडते.

रंग दिसेनात तेव्हा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक. शाळेच्या पुस्तकांपेक्षा मुलाचा जीव चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. थोरल्या भावाचा, रामुअण्णांचा, त्याला आधार होता. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षे गेली आणि एक गोष्ट उघड झाली. रेषा अचूक येत, पण रंग चुकत. लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असेल?

रंगांधळेपणा म्हणजे दृष्टी कमी असणे नव्हे. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातला एखादा प्रकार नसला किंवा नीट काम करत नसला, तर काही रंगांमधला, बहुतेक वेळा लाल आणि हिरव्यातला, भेद कळत नाही. लाल-हिरव्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषांकडे हे गुणसूत्र एकच असल्याने हा दोष त्यांच्यात जास्त आढळतो. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांना स्वतःला हा दोष होता आणि त्यांनीच १७९४ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज ठिपक्यांच्या ज्या चित्रांवरून डोळ्यांची ही तपासणी होते, ती जपानच्या इशिहारांची चित्रे १९१७ मधली. लक्ष्मणरावांच्या तरुणपणी अशी सोपी तपासणी नव्हती. मुलगा कमी पडतो म्हणजे लक्ष देत नाही, असेच अनेकदा समजले जाई. आजही शाळेत एखादे मूल नकाशाचे रंग सारखे चुकवत असेल, तर रागावण्याआधी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे न्यायला हवे.

हा दोष औषधाने जात नाही. पण तो असलेला माणूस हजार कामे करू शकतो, हे लक्ष्मणरावांच्या पुढच्या आयुष्याने दाखवले. रंगांचा कुंचला त्यांनी खाली ठेवला आणि जिथे रंग लागत नाहीत ते यांत्रिक रेखाचित्र हाती धरले. तेवढ्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. पगार महिना ४५ रुपये. शिकवून झाले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रे उघडून पाहत, पुन्हा जोडत. आयुष्यभर उपयोगी पडलेले शिक्षण त्यांना तिथे मिळाले.

सायकल, कडबा आणि नांगर

या काळात भारतात सायकल नवीन होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेत आणि बेळगावला रामुअण्णांकडे पाठवत. १८८८ पासून बेळगावात भावांचे हे दुकान चालू झाले. त्या दिवसांत सायकल विकायची म्हणजे ती चालवायलाही शिकवावी लागे. वस्तू दिली की काम संपले असे नाही, वापरणाऱ्याला ती पेलली पाहिजे, हा धडा भावांना पहिल्याच धंद्याने दिला. पुढे संस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला आले.

सायकलीच्या दुकानात येणारी गिऱ्हाइके मूठभर. बाहेर मात्र सगळा मुलूख शेतीचा. गुरांपुढे अख्खा कडबा टाकला की गुरे पाने खातात आणि धाटे तुडवतात, हे सगळेच रोज पाहत. लक्ष्मणरावांनी त्यातले नुकसान पाहिले आणि कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग त्यांची नजर नांगराकडे गेली. लाकडी नांगर जमीन वरवर फोडतो. इंग्लंडहून लोखंडी नांगर येत होते, पण ते महाग होते. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी आपला लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण विकला जाईना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे गेली. शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे अख्खे वर्ष एका हंगामावर उभे आहे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहणे स्वाभाविकच. लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले. शेतात नेऊन चालवून दाखवणे, तक्रारी ऐकून घेणे, मोडलेला भाग पुन्हा ओतणे हे सगळे चालू राहिले. नांगर कागदावर कितीही चांगला असो, तो ओढायचा होता शेतकऱ्याच्याच बैलांना आणि चालवायचा होता त्याच्याच रानात.

निवडुंगाच्या माळावर

नांगराला मागणी येऊ लागली तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेकडून कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम आला. तिथे नवी वस्ती व्हायची होती. लक्ष्मणरावांपुढे जागेचाही प्रश्न होता आणि पैशाचाही. मदतीला आले औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा आणि पाण्याची वानवा असलेला माळ.

१० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. सुरुवातीला जेमतेम पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे. रामुअण्णा वस्तीची व्यवस्था पाहू लागले. शंभूराव जांभेकर यंत्रांत रमले. मंगेशराव रेगे कचेरीत बसले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर बायकांनी उघड्या माळावर संसार थाटले. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले आणि त्यांच्यातल्या काहींवर तर पहाऱ्याचीच जबाबदारी सोपवली. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये किर्लोस्करवाडीची गणना होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगर येणे थांबले. मागणी वाढली, पण लोखंड, कोळसा आणि रंग मिळेना. वाडीने दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर भट्टी चालवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊ केल्या आणि तोफांच्या धातूचे नांगर झाले. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरभाऊ किर्लोस्करांनी खबरपत्र सुरू केले, त्यातूनच पुढे मराठी वाचकांच्या ओळखीचे किर्लोस्कर मासिक झाले.

मोटेकडून पंपाकडे

जमीन खोल नांगरली तरी वरून पाणी हवेच. तेव्हा विहिरीतले पाणी वर येई ते मोटेने. चामड्याची मोट, तिला जोडलेला नाडा आणि सोंदूर, चाकावरचा दोर आणि धावेवरून दिवसभर खाली-वर जाणारी बैलजोडी. काटोल, नरखेडच्या संत्र्यांच्या बागाही अशाच मोटांवर वाढल्या. मोट हे वाईट यंत्र नव्हते. पण ज्या दिवसांत पाणी सर्वाधिक लागे, त्याच दिवसांत बैल उन्हाने आणि चाऱ्याच्या टंचाईने खंगलेले असत.

किर्लोस्करवाडीने पंपाकडे मोर्चा वळवला तो या गरजेतून. १९२६ च्या सुमारास तिथे अपकेंद्री पंप आणि तेलावर चालणारे इंजिन तयार होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून परतले. वडिलांचे ज्ञान हाताने कमावलेले, मुलाचे गणिताने. पंपाला दोन्ही लागतात.

अपकेंद्री पंप समजून घ्यायचा तर गोफण आठवा. गोफण फिरवली की दगड बाहेर जायला ओढ घेतो. पंपाच्या पोटात पात्यांचे चाक असते, त्याला इम्पेलर म्हणतात. ते फिरले की मधले पाणी कडेला फेकले जाते, कडेच्या शंखासारख्या खोलीत त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते आणि ते नळीतून वर चढते. मध्ये पोकळी होते, तिथे नवे पाणी ओढले जाते. ही कल्पना किर्लोस्करवाडीची नव्हे. फ्रान्सच्या डेनिस पापिनने सतराव्या शतकाच्या अखेरीस असा पंप बनवला होता. पण १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्डने सरळ पात्यांऐवजी वाकडी पाती वापरून दाखवली, तेव्हा तेवढ्याच ताकदीत कितीतरी जास्त पाणी निघाले. ताकद वाढवली नव्हती, पात्याचा आकार पाण्याच्या चालीला जुळवला होता.

किर्लोस्करवाडीपुढचा प्रश्न तोच होता. विहीर किती खोल, पाणी किती लागणार, किती उंच न्यायचे, हे ठरल्याशिवाय पंप ठरत नाही. दहा हातांच्या विहिरीसाठी केलेला पंप साठ हातांच्या विहिरीवर बसवला तर पाणी येणार नाही, आणि उलट केले तर तेल नुसते जळेल.

शेवटची वर्षे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किर्लोस्करांचे उद्योग लेथपर्यंत पोहोचले. १९४६ मध्ये पुण्यात इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. पंपाला लागणारी मोटार आणि इंजिन आता देशातच मिळू लागले. १९४८ च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. माळावर उभे केलेले जग जळाले तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्ट्या पुन्हा पेटल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता आपला तलाव

लक्ष्मणरावांनी घरच्या जलतरण तलावाचा विचार केला नसेल. पण ते आज आपल्या अंगणात आले असते, तर पंपाच्या किमतीआधी पाण्याचा हिशोब विचारला असता, असे त्यांच्या आयुष्यावरून वाटते. तो हिशोब आपणच करू.

समजा तलाव ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यात ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर पाणी मावते. पंपाचे काम हे पाणी गाळणीतून फिरवणे. आठ तासांत सगळे पाणी एकदा फिरवायचे तर ताशी ७,५०० लिटर पुरतात. पाणी उंच टाकीवर चढवायचे नाही. तलावातून निघून ते पुन्हा तलावातच येते. पंपाला झगडावे लागते ते फक्त नळ्या, वळणे आणि गाळणी यांच्या अडथळ्याशी. वरच्या मजल्यावर पाणी चढवणारा पंप इथे बसवणे म्हणजे खोल विहिरीचा पंप डबक्यावर बसवण्यासारखे आहे.

आता गोफणीचे गणित. चाकाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, दाब चौथाई होतो आणि लागणारी ताकद आठव्या भागावर येते. नियम साधा आहे, पण दुकानात तो क्वचितच सांगितला जातो. एका वेगाचा दीड हॉर्सपॉवरचा पंप साधारण १.४ किलोवॅट वीज घेतो. तो ताशी १५,००० लिटर पाणी देत असेल तर चार तासांत तलाव एकदा फिरतो आणि ५.६ युनिट जळतात. वेग बदलता येणारा पंप निम्म्या वेगाने आठ तास चालवला तर पाणी तेवढेच फिरते. कागदावर त्याला १.४ युनिट पुरावेत. मोटारीतली आणि वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातली गळती धरून दोन युनिट म्हणू. रोजचा फरक साडेतीन युनिटांचा, महिन्याचा शंभराच्या पुढे. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांप्रमाणे चढतो, त्यामुळे हे शंभर युनिट बिलातल्या महागड्या टप्प्यातले असतात.

पाणी हळू फिरण्याचा आणखी एक लाभ आहे. गाळणीतून सावकाश जाणारे पाणी अधिक चांगले गाळले जाते. गाळणी उलट धुताना किंवा तळ साफ करताना मात्र जोर लागतो. तेवढ्यापुरता वेग वाढवता येतो, म्हणून बदलत्या वेगाचा पंप सोयीचा. तो महाग असतो, हेही खरे. तलाव वर्षभर वापरात असेल तर किंमत काही वर्षांत वसूल होते. फक्त एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या सुट्टीपुरता वापर असेल, तर नीट मापाचा छोटा, एका वेगाचा पंपही शहाणपणाचा ठरू शकतो.

पंपाइतकेच नळीकडे पाहा. ४० मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर व्यासाची नळी घातली तर तेवढ्याच पाण्याला होणारे घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येते. काटकोनी वळणे कमी ठेवा. पंप तलावाच्या जवळ आणि शक्यतो पाण्याच्या पातळीला किंवा तिच्या खाली बसवा, म्हणजे त्याला पाणी ओढताना हवा खावी लागत नाही. मोटारीवर आयई-३ सारखी कार्यक्षमतेची श्रेणी लिहिलेली असते, ती वाचा. विक्रेत्याकडून पंपाचा आलेख मागा. किती दाबाला किती पाणी आणि त्या वेळी कार्यक्षमता किती, हे त्यावर असते. आपले काम त्या आलेखाच्या सर्वांत कार्यक्षम भागात बसले पाहिजे. नाव कोणतेही असो, आलेख दाखवता न येणारा पंप घेऊ नये.

नागपूरची एक खास अडचण आहे. मोटारी साधारणपणे ४० अंश भोवतालचे तापमान धरून बनवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या बंद खोलीत त्याहूनही वर. पंपाला सावली आणि वाहती हवा दिली नाही, तर मोटारीचे आवरण आतून भाजून निघते.

पाणी चालते तोवर चांगले

वीज वाचवायची म्हणून पंप बंदच ठेवणे ही मात्र खोटी काटकसर. कोमट पाण्यात आणि कडक उन्हात शेवाळ झपाट्याने धरते, शिवाय ऊन क्लोरिन उडवून लावते. म्हणून उन्हाळ्यात पाणी जास्त वेळ फिरले पाहिजे आणि त्यातला काही वेळ दिवसाचा असला पाहिजे. पाण्यात मोकळा क्लोरिन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा. सामू चढला तर क्लोरिन टाकूनही जंतू नीट मरत नाहीत, उतरला तर डोळे चुरचुरतात. जुलाब, कानदुखी, त्वचेचे विकार बहुधा या दुर्लक्षातून येतात. पावसाळ्यात तलाव वापरात नसतो आणि पंप बंद राहतो. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ, थांबलेले पाणी आणि सात-आठ दिवस एवढेच पुरते.

सर्वांत शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गरजेपेक्षा मोठा पंप तळाच्या जाळीतून तितक्याच जोराने पाणी ओढतो. त्या ओढीत मुलांचे केस किंवा हात अडकून जगात जीव गेले आहेत. तळाला एकमेकांपासून दूर अशा दोन जाळ्या असाव्यात, त्या फुगीर आणि धड असाव्यात, आणि पंप बंद करण्याचे बटण तलावाजवळ सहज हाती येईल असे असावे. विजेच्या जोडणीला उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-संरक्षक स्विच हवाच. मोठाच घेतलेला बरा, हे वाक्य इथे नुसते खर्चाचे राहत नाही.

लक्ष्मणरावांचे पहिले चाळीस नांगर दोन वर्षे पडून होते, तेव्हा त्यांनी ते सुधारले आणि वापरणाऱ्याच्या शेतात जाऊन पाहिले. आपल्याला तेवढे कष्ट नाहीत. एक मोजपट्टी, एक कागद आणि अर्धा तास पुरे. तलावाची लांबी, रुंदी, खोली मांडा, तासाला किती लिटर लागतील ते काढा आणि तो कागद खिशात घालून दुकानात जा. पंप किती हॉर्सपॉवरचा, हे मग त्या कागदावरून ठरेल.